रोमचा आराखडा, गोव्याचा चिरा

जुन्या गोव्यातील सेंट कॅजेटन चर्च पोर्तुगिजांच्या राजधानीत उभे राहिले, पण ते उभारले इटालियन धर्मगुरूंनी. 1524 मध्ये रोममध्ये गाएतानो दा थिएने आणि जान पिएत्रो काराफा यांनी थिएटाइन नावाचा धर्मसंघ स्थापन केला. काराफा पुढे चौथा पॉल या नावाने पोप झाला. सतराव्या शतकात पोप आठवा अर्बन याने या संघातील काही जणांना गोवळकोंड्याला धाडले. कुतुबशाहीत त्यांचे बस्तान बसले नाही आणि 1640च्या सुमारास ते गोव्यात आले. पूर्वेकडील धर्मप्रसाराची सूत्रे लिस्बनच्या राजाच्या हाती होती. रोमने परस्पर आपली माणसे पाठवावीत हे त्याला रुचणारे नव्हते, त्यामुळे या पाहुण्यांना परवानगीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. चर्च 1661 मध्ये पूर्ण झाले. आराखडा कार्लो फेरारिनी आणि फ्रांचेस्को मारिया मिलाझ्झो यांच्या नावावर सांगितला जातो आणि त्यांच्या डोळ्यांपुढे नमुना होता तो रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकेचा. चर्च अधिकृतपणे येशूची आई मारिया हिला वाहिलेले आहे. गाएतानोला संतपद मिळाले ते 1671 मध्ये, बांधकाम पुरे होऊन दहा वर्षे उलटल्यावर. लोकांच्या तोंडी मात्र त्याचेच नाव बसले.

गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधहून हे चर्च पाहायला जायचे तर महाराष्ट्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडावा लागतो. एवढा प्रवास करायचा म्हटल्यावर आखणी आली आणि आखणीबरोबर मतभेदही आले. ऐतिहासिक वास्तू पाहण्याविषयी जी दोन मते नेहमी समोरासमोर येतात, ती येथे एका घरातील मामा-भाचीच्या तोंडून मांडली आहेत. मामाजी इतिहास शिकवून निवृत्त झालेले. भाची नागपुरात वास्तुकलेचे शिक्षण घेणारी.

पहिला वाद ठिकाणाचाच.

“मामाजी, इटालियन चर्च पाहायचं तर इटलीतच पाहावं ना! गोव्यात जे आहे ती रोमची छोटी आवृत्ती. दोन-तीन वर्षं पैसे साठवू, पण पाहू ते अस्सल पाहू.”

“अस्सल कशाला म्हणतेस ते आधी ठरव,” मामाजी म्हणतात. “रोममध्ये आज उभं आहे तेही मूळ कल्पनेप्रमाणं झालेलं नाही.”

मामाजींच्या बोलण्यात तथ्य आहे. सेंट पीटर्सचे काम 1506 मध्ये सुरू झाले आणि वास्तूचे अर्पण 1626 मध्ये झाले. या एकशे वीस वर्षांत आराखडे आणि शिल्पी दोन्ही बदलत गेले. ब्रामांतेने आणि त्याच्यानंतर मायकेलअँजेलोने मध्यवर्ती रचना कल्पिली होती. चारही बाजू सारख्या लांबीच्या आणि मधोमध घुमट, ज्याला ग्रीक क्रूसाची रचना म्हणतात. पुढे कार्लो मादेर्नोने समोरच्या बाजूला लांब सभामंडप जोडला. त्याने जागा वाढली, पण चौकातून जवळ येणाऱ्या माणसाला मायकेलअँजेलोचा घुमट दर्शनी भिंतीआड जाताना दिसू लागला. ही तक्रार रोममध्ये तेव्हापासून आजवर होत आली आहे. दर्शनी भिंतीच्या दोन्ही टोकांना घंटांचे मनोरे उभारण्याचा बेतही तडीस गेला नाही. बेर्निनीने एक मनोरा चढवायला घेतला, खालच्या बांधकामाला तडे गेले आणि 1646 मध्ये तो उतरवावा लागला.

त्यानंतर पंधरा वर्षांनी गोव्यात जे चर्च पुरे झाले, त्याला दर्शनी भिंतीच्या दोन्ही अंगांना चौकोनी मनोरे आहेत. बाहेरून आयताकृती दिसणारी ही वास्तू आत गेल्यावर क्रूसाकृती होते. चार भक्कम खांबांवर घुमट तोललेला आहे आणि त्याच्या माथ्यावर प्रकाश आत सोडणारा छोटा कळस. रोममधला सभामंडप लांबलेला असल्याने घुमटाखाली पोहोचायला बरेच चालावे लागते, तेथील अंतर्भागाची लांबी सुमारे 186 मीटर आहे. गोव्यात दारातून थोडे पुढे गेले की माणूस थेट मध्यबिंदूशी येतो. मध्यवर्ती रचना म्हणजे काय हे समजून घ्यायला ही लहान वास्तू जास्त सोयीची आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

भाची सहजासहजी ऐकणारी नाही. “मग तर तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. हे सगळं नीट कळायला आधी रोमचं चर्च डोळ्यांखालून गेलेलं हवं. मूळ पाहिल्याशिवाय त्याच्यात काय बदल केला ते कसं कळणार?”

“नकाशा आणि छायाचित्रं पाहून जा. मी वर्गात पानिपत शिकवलं, ते काही पानिपतावर उभा राहून नाही शिकवलं.”

“पानिपतात घुमट नव्हता, मामाजी.”

या टोल्याला मामाजींकडे उत्तर नाही आणि वास्तूच्या बाबतीत भाचीची बाजू येथे वरचढ ठरते. आकारमान छायाचित्रातून कळत नाही. रोमच्या घुमटाची 136 मीटर उंची आणि गोव्याच्या घुमटाखालची आटोपशीर जागा यांतला फरक मान वर केल्याशिवाय समजत नाही. तरी मामाजींचा खरा मुद्दा वेगळाच आहे. ते मूळ आणि नक्कल ही जोडीच मानत नाहीत. आराखडा रोमचा असला तरी हातात आलेला दगड कोकणातला होता.

गोव्याचा दगड म्हणजे जांभा, स्थानिक बोलीत चिरा. जमिनीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो, म्हणून कापायला सोपा. त्याच्यावर संगमरवरासारखी बारीक नक्षी मात्र उतरत नाही आणि त्याच्या अंगातील भोकांतून पावसाचे पाणी आत जिरते. कोकणपट्टीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा हा शृंगार म्हणून नसून संरक्षण म्हणून द्यावा लागतो. सेंट कॅजेटनची पांढरी दर्शनी भिंत, तिच्यावरचे कोरिंथियन पद्धतीचे स्तंभ आणि कोनाड्यांतील संतांच्या मूर्ती यांच्यामागे हाच लाल, सच्छिद्र दगड आहे.

गिलावा नसला तर काय होते याचे उदाहरण जवळच सापडते. बॉम जेझस बॅसिलिका 1594 मध्ये सुरू झाली आणि 1605 मध्ये तिचे अर्पण झाले. तिच्यावरही पूर्वी गिलावा होता. 1950च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो काढायला लावला, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून. आज पर्यटकांना आवडणारा तिचा तांबूस चेहरा हा त्या निर्णयाचा परिणाम आहे आणि त्याची किंमत दगड दर पावसाळ्यात मोजतो. गिलावा पुन्हा चढवावा की सवयीचे झालेले रूप जपावे यावर गोव्यात जाणकारांचा आणि चर्चचा वाद चालू आहे. दोन्ही वास्तू एकाच सकाळी पाहणाऱ्याला हा वाद पुस्तक न उघडता समजतो.

मामाजींना या ठिकाणी गावची आठवण होते आणि ती अस्थानी नाही. नवेगावच्या तलावाचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. त्यांचे नाव राहिले, माती वाहणाऱ्यांची नावे कुठेही नाहीत. फेरारिनीचे नाव पुस्तकात आले, चिरे कापणाऱ्या आणि चुना मळणाऱ्या गोवेकर गवंड्यांची मात्र आली नाहीत. “म्हणून त्याला नुसतं इटालियन चर्च म्हणू नकोस,” असे ते भाचीला बजावतात.

बांधाच्या काठी वाढलेल्या माणसाचे लक्ष सेंट कॅजेटनमध्ये आणखी एका गोष्टीकडे जाते. घुमटाच्या बरोबर खाली, फरशीच्या मधोमध एक चौकोनी ओटा आहे आणि त्याच्याखाली विहीर आहे. ती येथे पूर्वी असलेल्या मंदिराच्या तळ्याची खूण आहे असे एक मत. मांडवीच्या काठच्या ओलसर जमिनीत पाण्याची पातळी सांभाळून पाया स्थिर राहावा म्हणून बांधणाऱ्यांनीच ती योजली, असे दुसरे. भाची दुसऱ्या मताची, मामाजी पहिल्याकडे झुकणारे. घुमटाचा सगळा भार ज्या चौकात एकवटलेला भासतो, नेमके तेथेच पाणी असावे, हे मात्र दोघांनाही चकित करणारे आहे. एरवी वर पाहत फिरणाऱ्या पर्यटकाच्या नजरेतून हा ओटा सुटतो, तेव्हा तो टिपणात आधीच लिहून न्यावा.

इटलीचा दुसरा ठसा बॉम जेझसमध्ये आहे आणि तो पाहिल्याशिवाय ही सहल अपुरी. सेंट फ्रान्सिस झेवियर 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर वारले. त्यांचा देह मलाक्कामार्गे 1554 मध्ये गोव्यात आणला गेला. 1622 मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि दोन वर्षांनी देह या चर्चमध्ये हलवला गेला. गोवेकर त्यांना गोंयचो सायब म्हणतात आणि त्यांत केवळ ख्रिस्ती गोवेकर नाहीत. देह ज्या चांदीच्या पेटीत आहे ती 1636-37 मध्ये गोव्याच्या सोनारांनी घडवली. झेवियरांच्याच जेझुइट संघातील मार्चेल्लो मास्त्रिल्ली या नेपल्सच्या धर्मगुरूने त्यासाठी पुढाकार घेतला होता. पेटी ज्या उंच चौथऱ्यावर ठेवलेली आहे तो मात्र फ्लॉरेन्सचा. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो, मेदिची घराण्याचा, याला संताच्या डोक्याखालची उशी भेट म्हणून मिळाली होती. त्याची परतफेड म्हणून त्याने जोवान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या दरबारी शिल्पकाराकडून संगमरवर आणि जास्परचे स्मारक करवून घेतले. कामाला दहा वर्षे लागली. तुकडे पेट्यांत भरून समुद्रमार्गे गोव्याला आले. ते जोडण्यासाठी प्लाचिदो रांपोनी हा कारागीर सोबत आला आणि 1698 मध्ये स्मारक उभे राहिले. चारही बाजूंना संताच्या आयुष्यातील प्रसंगांचे काशाचे पट आहेत.

“बघ, खाली फ्लॉरेन्स आणि वर गोवा,” मामाजी म्हणतात. “यातलं अस्सल कोणतं?”

“खालचं काम बारकाईचं आहे आणि ते नीट दिसत नाही, हा माझा आक्षेप. पट पाहायला दुर्बीण न्यावी लागेल.”

आक्षेप खरा आहे. स्मारक उंच आहे, बाजूच्या छोट्या दालनात आहे आणि गर्दी असली की थांबू दिले जात नाही. नवेगावला पक्षी पाहण्यासाठी घरोघर दुर्बिणी नसल्या तरी वनखात्याच्या ओळखीने एखादी मिळू शकते आणि ती चर्चमध्ये नेणे यात काही गैर नाही. संताच्या पेटीसमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढून घेणे अनुचित समजले जाते.

यावरून दुसरा आणि अधिक खोल मतभेद निघतो. चर्च पाहायला जायचे ते वास्तू म्हणून की पूजास्थान म्हणून?

भाचीच्या मते दोन्ही बाबी वेगळ्या ठेवाव्यात. “मिसा चालू असताना आपण मध्ये फिरलो तर त्यांनाही त्रास आणि आपल्यालाही नीट पाहता येत नाही. रविवार टाळावा. आठवड्याच्या मधला दिवस, सकाळी उघडल्या उघडल्या जावं, रेखाटनं करावीत.” मामाजी नेमके रविवारचे आग्रही. “रिकामं देऊळ पाहून देऊळ कळतं का? घंटा, गाणं, माणसं यांच्यासाठीच तर तो घुमट बांधला. तिथं आवाज कसा घुमतो ते ऐकायचं नाही, तर मग आर्किटेक्चर कसलं शिकतेस?”

घुमटाखाली गाण्याचा आवाज कसा फिरतो हा वास्तुशास्त्राचाच विषय आहे, तेव्हा मामाजींचा मुद्दा भाचीच्याच अंगणात पडतो. तिची अडचण वेगळी आहे. परधर्मीयांच्या उपासनेच्या वेळी तिऱ्हाइताने तमाशा पाहिल्यासारखे उभे राहणे तिला पटत नाही. तिच्या या संकोचात सभ्यता आहे आणि प्रवासी पुस्तिका अशा सभ्यतेविषयी क्वचितच लिहितात. यावर तोडगा साधा आहे. जुन्या गोव्यातील चर्चमध्ये मिसेला कोणीही मागच्या बाकांवर शांत बसू शकतो, फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसावे, मध्ये उठून फिरू नये. वेदीवर दिला जाणारा प्रसाद बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथॉलिकांसाठी असतो. आपण रांगेत न जाता बसून राहिलो तर कोणी वाईट मानत नाही. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे हवेत. रविवारी बॉम जेझस पर्यटकांसाठी सकाळच्या मिसा आटोपल्यावर साधारण साडेदहाला उघडते, एरवी नऊला. चर्चना प्रवेशशुल्क नाही. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेल्या मठातील पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. म्हणून शनिवारी रेखाटने आणि रविवारी सकाळी मिसा हा क्रम दोघांच्याही मताला धरून होतो. भाची तरीही रविवारबाबत अनिश्चितच आहे.

हंगामाचा प्रश्न झाडीपट्टीत, म्हणजे नवेगावच्या भागात, शेतीवर ठरतो. दिवाळीच्या आसपास धान कापणीला येते, मग बांधणी, चुरणी आणि विक्री. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या शेतांत उन्हाळी धानही होते आणि त्याची कापणी मे महिन्यात येते. म्हणजे शाळांच्या दोन्ही सुट्यांत शेतकऱ्याच्या घरची माणसे मोकळी नसतात. गोव्यात जूनच्या सुरुवातीलाच पाऊस पोहोचतो. संत कॅजेटनचा स्वतःचा सण 7 ऑगस्टला, ऐन पावसात. झेवियरांचे फेस्त, म्हणजे सण, 3 डिसेंबरला आणि त्याच्या आधी 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना ही नऊ दिवसांची प्रार्थना, तेव्हा जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते. दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शनाचा मागचा सोहळा 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असा झाला. त्या काळात देह जवळच्या से कॅथेड्रलमध्ये नेला जातो, म्हणजे देह आणि फोज्जिनीचा चौथरा एकत्र पाहता येत नाहीत. वास्तू पाहणाऱ्याने ते पर्व टाळावे, भाविकाने ते गाठावे. येथे दोन दृष्टिकोन खरोखरच वेगळ्या तारखा मागतात.

मामाजींना फेस्त हवे होते. त्यांना आवरले ते भाचीने नव्हे, मंडईने. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होते, वडसा येथील नाटक मंडळ्यांचे प्रयोग रात्रभर चालतात आणि मामाजींच्या हिशेबी डिसेंबरात गाव सोडणे परवडणारे नाही. उरला तो जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीचा आरंभ. हवा कोरडी, पर्यटकांचा नाताळचा पूर ओसरलेला, कार्निव्हल बहुधा अजून यायचा. त्या दिवसांत नवेगावच्या तलावावर हिवाळी पक्षी असतात आणि बाहेरची माणसे ते पाहायला येतात. गावकऱ्याने नेमके तेव्हा बाहेर जावे यात गंमत आहे, पण अडचण नाही.

प्रवासाचे तीन मार्ग शक्य आहेत. पहिला नागपूरवरून. नवेगाव बांधहून कोहमारा, साकोली, भंडारा असे जवळपास 140 किलोमीटर एसटीने गेले की नागपूर. तेथून मडगावकडे कोकण रेल्वेने जाणारी विशेष गाडी आठवड्यातील ठरावीक दिवशीच धावत आली आहे, ती मुदतवाढीवर चालते, म्हणून वेळापत्रक आधी तपासावे. ती सरळ जुन्या गोव्याच्या उशाशी पोहोचवते, कारण करमळी हे सर्वांत जवळचे स्थानक, दोन-तीन किलोमीटरवर. दुसरा मार्ग विमानाचा, नागपूरहून गोव्याला. जानेवारी 2023 पासून मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू असल्याने उत्तर गोवा जवळ झाला आहे. तरी तिकीट काढताना उतरायचे मोपाला की दाबोळीला हे पाहून घ्यावे, नाही तर टॅक्सीचे भाडे रडवते.

तिसरा मार्ग मामाजींचा लाडका. गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, वर्धा, मनमाड, पुणे, सातारा, मिरज असा सगळा महाराष्ट्र दाखवत कोल्हापूरला जाते. मिरजेला उतरून दिल्लीहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस धरली की बेळगाव, लोंढा आणि कॅसल रॉकचा घाट लागतो, वाटेत दूधसागर. किंवा कोल्हापूरहून एसटीने दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर पणजी.

“हे म्हणजे हातचं सोडून पळत्यापाठी,” भाची म्हणते. “दोन रात्री गाडीत आणि उतरल्यावर लगेच घुमट पाहायचा, तर मानेचं काय होईल?”

“मग येताना तुझ्या विमानानं येऊ. जाताना रेल्वे, कारण जाताना माणूस ताजा असतो.”

रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते आणि जानेवारीअखेरची तिकिटे लवकर संपतात, तेव्हा नोव्हेंबरच्या अखेरीस, चुरणीच्या धांदलीत, हे काम करावे लागणार. मुक्काम पणजीत ठेवावा. जुने गोवे दहा किलोमीटर आहे आणि कदंब महामंडळाच्या बसगाड्या सतत जातात. किनाऱ्यावर मुक्काम ठेवला की सकाळ वाळूत जाते, हा अनुभव अनेकांचा आहे.

जुन्या गोव्यात एका दिवसात सगळे पाहायचे की थोडेच पाहायचे, यावर मात्र मामा-भाचीचे आश्चर्यकारक एकमत आहे. थोडेच. युनेस्कोने 1986 मध्ये जागतिक वारसा ठरवलेल्या वास्तूंची यादी घेऊन धावणाऱ्याला संध्याकाळपर्यंत सगळ्या वेद्या सारख्याच सोनेरी दिसू लागतात. सुरुवात नदीकडून करावी. मांडवीच्या धक्क्यावर दिवाडी बेटाची फेरीबोट लागते. तेथून वर येणाऱ्या रस्त्यावर व्हाइसरॉयची कमान आहे, वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने उभारलेली. जहाजातून उतरणारा प्रत्येक व्हाइसरॉय या कमानीतून शहरात येई. पुढे सेंट कॅजेटनच्या आवारात आदिलशाही राजवाड्याचा उरलेला दरवाजा एकटाच उभा आहे. 1510 पूर्वीचे, म्हणजे पोर्तुगिजांच्या आधीचे गोवे येथे एवढेच शिल्लक दिसते आणि त्याच्यामागे रोमच्या धर्तीची पांढरी भिंत. चर्चकडे वळण्यापूर्वी दरवाजाशी थांबावे, कारण नंतर परत कोणी येत नाही.

आत गेल्यावर आधी विहिरीचा ओटा, मग घुमट, मग वेद्या. मुख्य वेदी आणि दोन्ही बाजूंच्या सहा वेद्या लाकडात कोरलेल्या आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या आहेत. उजवीकडची मोठी वेदी संत कॅजेटनची. येथील चित्रांवर इटालियन वळण स्पष्ट दिसते. तळघरात पोर्तुगीज अधिकाऱ्यांचे मृतदेह लिस्बनला रवाना होईपर्यंत ठेवले जात. शेजारच्या मठात आता धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाची संस्था आहे, तेथे विनापरवानगी शिरू नये. रेखाटने करणाऱ्याला येथे दोन तास पुरत नाहीत, नुसते पाहणाऱ्यालाही एक तास हवा. त्यानंतर दुपारी बॉम जेझस. से कॅथेड्रल रविवारवर ढकलले तरी चालेल. संध्याकाळी जमल्यास टेकडीवरील अवर लेडी ऑफ द माउंटचे छोटे चर्च, जेथून झाडीतून वर आलेले मनोरे आणि घुमट एकत्र मोजता येतात.

भाचीचा रोमचा हट्ट तरी सुटलेला नाही आणि तो सोडावा असेही काही नाही. गोवा पाहून रोमला जाणाऱ्याची यादी नेहमीच्या प्रवाशाहून वेगळी होते. सेंट पीटर्स तर आहेच. तेथे प्रवेश विनामूल्य, घुमटावर चढायला पैसे आणि बुधवारी सकाळी पोपच्या सार्वजनिक भेटीमुळे गर्दी. त्याखेरीज जेझू हे जेझुइटांचे मूळ चर्च पाहावे. झेवियरांच्या उजव्या हाताचा भाग 1614 मध्ये गोव्याहून तेथे नेला गेला, म्हणजे चांदीच्या पेटीतील देहाचा एक अंश रोममध्ये आहे. थिएटाइनांचे सांत आंद्रेआ देल्ला वाल्ले हेही पाहावे. पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराचा पहिला अंक तेथे घडतो, पण गोव्याहून आलेल्याला ते फेरारिनीच्या संघाचे घर म्हणून ओळखीचे वाटेल. मराठी वाचकाने आणखी एक धागा धरावा. ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होते, रोममध्ये जेझुइट झाले आणि 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे पुराण 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले.

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी तो द्यावा लागतो आणि तीस हजार युरोंचे वैद्यकीय विमाकवच सक्तीचे आहे. मामाजींनी हा आकडा दोनदा विचारून खात्री करून घेतली. पासपोर्टचा अर्ज भाचीने त्यांच्याही नावाने भरायला घेतला आहे. त्यांनी अजून सही केलेली नाही.